जपानी चित्रकथांतील प्रेमविनोद व संघर्ष : वाङ्मयप्रकारांचे संकेत आणि त्यांचे वाचन
(जिवती परिसरातील अध्यापनाच्या संदर्भात)

सारांश

मांगा म्हणजे जपानी छापील चित्रकथा आणि ॲनिमे म्हणजे जपानी चलत्चित्रकथा. हिंदीत ध्वनिरूपांतरित झालेले ॲनिमे आज डोंगरी तालुक्यांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्याही नित्य पाहण्यात आहेत. प्रस्तुत लेखात या कथांतील प्रेमविनोदी आणि संघर्षप्रधान या दोन प्रमुख प्रकारांचे संकेत स्पष्ट केले आहेत. हे संकेत निर्मितीच्या विशिष्ट परिस्थितीतून कसे घडले, त्यांचे आपल्या नाट्यपरंपरेशी व रसविचाराशी कोणते साम्य आहे आणि संकेत ओळखण्याची क्षमता विद्यार्थ्याला स्वतःच्या इतिहासाकडे पाहताना कशी उपयोगी पडते, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : संकेत, वाङ्मयप्रकार, मांगा, ॲनिमे, झाडीपट्टी रंगभूमी, सात्त्विक भाव.

१. प्रस्तावना

लोकप्रिय वाङ्मयाविषयी आपल्या विद्यापीठीय वर्तुळात दीर्घकाळ एक संकोच राहिला आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, 'झुंजार' आणि 'काळापहाड' ही पात्रे घराघरांत पोहोचविली; परंतु वाङ्मयेतिहासात त्यांच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या. 'एकाच साच्यातील लेखन' हा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप होता. आज हाच आक्षेप विद्यार्थी पाहत असलेल्या जपानी कथांवर घेतला जातो. प्रत्येक नायक अनाथ, प्रत्येक लढाईत प्रतिस्पर्धी अधिक बलाढ्य, प्रत्येक प्रेमकथेत गैरसमज. मग त्यात अभ्यासण्यासारखे काय आहे, असा प्रश्न प्राध्यापक कक्षात अनेकदा ऐकू येतो.

जिवती हा माणिकगड डोंगररांगेतील, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला तालुका आहे. गोंडी, कोलामी, गोरमाटी, तेलुगू आणि मराठी अशा अनेक भाषा येथील वर्गात एकत्र बसतात. पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी ही अनेकांची दुसरी किंवा तिसरी भाषा असते. अशा वर्गात कादंबरीचे 'कथानक', 'प्रतिनायक', 'उपकथानक' या संज्ञा शिकविताना उदाहरणांची अडचण येते. त्याच विद्यार्थ्याला 'नारुतो' या कथेतील प्रतिस्पर्धी कोण, त्याचे पूर्ववृत्त नेमके केव्हा सांगितले जाते आणि का, हे विचारले असता तो अचूक उत्तर देतो. वाङ्मयप्रकाराची जाण त्याच्याजवळ असते. त्या जाणिवेला नाव देण्याचे काम शिल्लक असते. ते नाव देण्याच्या दृष्टीने प्रस्तुत विवेचन केले आहे.

२. संकेत म्हणजे काय?

संकेत म्हणजे निर्माता आणि आस्वादक यांच्यातील अलिखित करार. 'संगीत' नाटकात पात्र बोलता बोलता गाऊ लागते तेव्हा प्रेक्षक आश्चर्य करीत नाही. कीर्तनात पूर्वरंगानंतर उत्तररंग येणार हे श्रोत्याला ठाऊक असते. या करारामुळे निर्मात्याला प्रत्येक गोष्ट नव्याने पटवून द्यावी लागत नाही आणि आस्वादकाला आपले लक्ष तपशिलांवर केंद्रित करता येते. साचा आणि संकेत यांत येथे भेद करावा लागतो. साचा प्रत्येक वेळी तीच वस्तू देतो. संकेत केवळ अपेक्षा निर्माण करतो. ती पूर्ण करणे, लांबविणे किंवा मोडणे हे लेखकाच्या हाती असते.

संकेत प्रवासही करतात. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत संशयकल्लोळ' (१९१६) हे मराठीतील प्रेमविनोदाचे सर्वपरिचित उदाहरण. त्याचे मूळ मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनात आहे. ते आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकाच्या द्वारे देवलांपर्यंत आले. एक तसबीर भलत्या हाती पडते आणि दोन जोडप्यांत संशयाचे जाळे पसरते, ही कल्पना तीन भाषांत तीन शतके टिकली. मराठी प्रेक्षकाने तिला परकी मानले नाही, कारण फाल्गुनरावाचा संशयी स्वभाव आणि नाटकातील पदे ही पूर्णतः येथील होती. जपानी कथांतील गैरसमजाचे प्रसंग आपल्या विद्यार्थ्याला सहज कळतात, यामागे हेच कारण आहे.

३. संकेतांची जन्मभूमी : साप्ताहिक आणि हंगाम

जपानमध्ये मांगाचे वर्गीकरण प्रथम वाचकवर्गानुसार होते. किशोरवयीन मुलांसाठी 'शोनेन', मुलींसाठी 'शोजो', प्रौढ पुरुषांसाठी 'सेइनेन' आणि प्रौढ स्त्रियांसाठी 'जोसेइ' असे चार मुख्य विभाग आहेत. प्रेमविनोद किंवा संघर्ष हे प्रकार या प्रत्येक विभागात वेगळे रूप घेतात.

'शोनेन' विभागाचे सर्वांत प्रभावी नियतकालिक म्हणजे शुएइशा या संस्थेचे 'शोनेन जंप'. ते १९६८ मध्ये सुरू झाले आणि पुढील वर्षी साप्ताहिक झाले. १९९४ च्या अखेरीस त्याचा खप ६५ लाख ३० हजार प्रतींपर्यंत पोहोचला होता. मैत्री, प्रयत्न आणि विजय ही त्याची त्रिसूत्री. अंकासोबत दिलेल्या पत्रावर वाचकांनी आवडत्या कथा नोंदवून पाठवायच्या आणि मागे पडणारी कथा बंद करायची, ही त्याची पद्धत. लेखक-चित्रकाराला दर आठवड्याला साधारणतः वीस पाने द्यावी लागतात. प्रत्येक हप्त्यात काहीतरी घडले पाहिजे, शेवटी उत्कंठा राहिली पाहिजे आणि तरीही मूळ प्रश्न सुटता कामा नये. संकेतांचा उगम या तीन अटींत आहे.

दूरचित्रवाणीवरील ॲनिमेला खर्चाची मर्यादा होती. ओसामू तेझुका यांच्या 'तेत्सुवान आतोमु' या कथेवरील मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली. दर आठवड्याचा भाग वेळेत आणि कमी पैशांत तयार करण्यासाठी चित्रांची संख्या कमी करण्यात आली. स्थिर चित्रावरून सरकणारा कॅमेरा आणि पुन्हा पुन्हा वापरलेली दृश्ये यांचा आश्रय घेतला गेला. पुढे हीच काटकसर ॲनिमेची शैली म्हणून ओळखली गेली. लढाईच्या मध्ये पात्र स्थिर उभे राहून मनोगत सांगते, या संकेताला अशा काटकसरीचाही आधार आहे.

निर्मितीच्या अटींतून संकेत घडण्याचे उदाहरण आपल्या परिसरातच उपलब्ध आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र देसाईगंज अर्थात वडसा येथे आहे. धानाची कापणी आटोपल्यावर, दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावातील मंडळ नाटक ठरविते, तिकिटे विकते आणि प्रयोग रात्रभर चालतो. कलावंताला आज एका गावी तर उद्या दुसऱ्या गावी उभे राहावे लागते. तालमीला अवधी थोडा असतो. अशा स्थितीत नायक, खलनायक, सोशिक सून, विनोदी जोडी यांसारख्या ठरीव भूमिका हा कलावंतांचा आधार ठरतो. भूमिकेचा आराखडा ठाऊक असल्यामुळेच नट त्या रात्रीच्या प्रेक्षकांकडे पाहून प्रसंग रंगवू शकतो. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री देण्यात आली, हा या परंपरेचाही सन्मान होय. टोकियोतील साप्ताहिक आणि वडशाचा हंगाम यांत भांडवलाचे प्रचंड अंतर आहे. पण दोन्हीकडे अल्प अवधीत, प्रत्यक्ष प्रतिसाद देणाऱ्या समूहासाठी निर्मिती होते आणि म्हणून दोन्हीकडे संकेत बळकट असतात.

४. प्रेमविनोद : उच्चाराची लांबणी

जपानी प्रेमविनोदी कथेचा कणा 'कोकुहाकु' हा आहे. याचा अर्थ प्रेमाची स्पष्ट, शब्दांत दिलेली कबुली. कबुली दिल्याशिवाय नाते सुरू झाले असे मानले जात नाही. म्हणून कबुली लांबणीवर टाकली की कथा लांबते. शेजारी राहणारी बालमैत्रीण, नव्याने आलेली प्रतिस्पर्धी, अर्धवट ऐकलेले वाक्य, ऐनवेळी वाजणारा दूरध्वनी ही सारी लांबणीची साधने आहेत. शालेय वर्षाचे कालचक्र त्यांना चौकट पुरविते. उन्हाळी उत्सवातील दारूकाम, शाळेचा सांस्कृतिक महोत्सव, १४ फेब्रुवारीला मुलींनी चॉकलेट देणे आणि १४ मार्चला मुलांनी परतभेट देणे, हे प्रसंग जवळजवळ प्रत्येक कथेत येतात. वरवर कठोर बोलणारी आणि अंतरी हळवी असणारी 'त्सुंदेरे' नायिका ही देखील लांबणीचीच युक्ती आहे. कारण तिच्या बाबतीत अडथळा बाहेर नसून तिच्या स्वभावातच असतो.

या संकेतांचा वापर किती भिन्न होऊ शकतो, हे रुमिको ताकाहाशी यांच्या दोन कृतींवरून दिसते. 'रान्मा ½' (१९८७ ते १९९६) मध्ये थंड पाणी अंगावर पडताच नायक मुलगी होतो. मल्लविद्या आणि प्रेमविनोद यांचा संयोग साधणारी ही कथा ३८ खंड चालते आणि शेवटी ठरलेले लग्नही गोंधळात उधळले जाते. येथे लांबणी हाच आनंद आहे. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) या चित्रपटातील वेषांतराचा गोंधळ ज्यांना आवडतो, त्यांना या आनंदाची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

त्याच लेखिकेची 'मेझोन इक्कोकु' (१९८० ते १९८७) ही प्रौढ वाचकांसाठीच्या नियतकालिकात आलेली कथा मात्र वेगळ्या वाटेने जाते. परीक्षेत अपयशी ठरलेला गोदाई आणि तो राहतो त्या जुन्या वसतिगृहाची तरुण व्यवस्थापिका क्योको यांची ही प्रेमकथा. क्योको विधवा आहे आणि तिच्या कुत्र्याचे नाव तिच्या दिवंगत पतीचेच आहे. कथेत गैरसमज, प्रतिस्पर्धी, अर्धवट वाक्ये असे सारे नेहमीचे संकेत आहेत. तथापि प्रत्येक लांबणीमागे एक गंभीर प्रश्न उभा आहे : नवे प्रेम स्वीकारणे म्हणजे गेलेल्या माणसाला विसरणे आहे काय? कथेतील ऋतू आणि वर्षे प्रकाशनाच्या काळाबरोबरच पुढे सरकतात, त्यामुळे वाचकालाही ही प्रतीक्षा स्वतःच्या आयुष्यात अनुभवावी लागते. अखेरीस गोदाई दिवंगत पतीच्या समाधीसमोर उभा राहून त्याच्या आठवणींसह क्योकोचा स्वीकार करतो. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) पासून विधवेच्या जीवनाचा प्रश्न मराठी कादंबरीत करुणगंभीर सुरात मांडला गेला आहे. तोच विषय हास्याच्या चौकटीतही प्रतिष्ठेने हाताळता येतो, हे या कृतीमुळे लक्षात येते.

संकेत मोडण्याचे उदाहरण म्हणून मित्सुरू अदाची यांची 'टच' (१९८१ ते १९८६) पाहता येईल. जुळे भाऊ आणि शेजारची मैत्रीण हा परिचित त्रिकोण. वाचक निवडीची वाट पाहत असतानाच एक भाऊ अपघातात दगावतो. स्पर्धा संपते, पण जिवंत राहिलेल्याची वाट त्यामुळे सोपी होत नाही. पुढे 'कागुया-सामा' (२०१५ ते २०२२) या कथेत अका आकासाका यांनी कबुलीचा संकेतच कथावस्तू बनविला. तेथे दोन हुशार विद्यार्थी एकमेकांवर प्रेम करतात, परंतु आधी बोलेल तो हरला असे मानून परस्परांना बोलते करण्याचे डाव रचतात. वाचकाला संकेत पूर्ण ठाऊक आहे हे गृहीत धरूनच हा विनोद उभा राहतो.

५. संघर्षकथा : बळाची पायरी आणि शत्रूचे दुःख

प्रेमविनोदात उच्चार लांबतो, तर संघर्षकथेत अंतिम विजय लांबतो. त्यासाठी प्रतिस्पर्ध्यांची चढती पायरी रचली जाते. अकिरा तोरियामा यांची 'ड्रॅगन बॉल' (१९८४ ते १९९५) आरंभी विनोदी प्रवासकथा होती. 'पश्चिमेकडील प्रवास' या चिनी कादंबरीचा तिला सैल आधार होता. ही कादंबरी ज्या ह्युएन त्संगाच्या भारतयात्रेवर रचली गेली, तो सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळी महाराष्ट्रात येऊन गेला होता, हे येथे नमूद करावेसे वाटते. पुढे या कथेत मल्लस्पर्धांना महत्त्व आले आणि स्पर्धा, पराभव, गुरूकडील साधना, नवी शक्ती, अधिक मोठा शत्रू हा क्रम रूढ झाला. मासाशी किशिमोतो यांच्या 'नारुतो' (१९९९ ते २०१४) मध्ये हाच क्रम परीक्षेच्या रूपात येतो. गावाने झिडकारलेला अनाथ मुलगा मान्यता मिळविण्यासाठी झटतो आणि त्याचा निकटचा मित्रच त्याचा प्रतिस्पर्धी होतो.

या प्रकारातील सर्वांत अर्थपूर्ण संकेत म्हणजे शत्रूचे पूर्ववृत्त. लढाई निर्णायक टप्प्यावर आली की काळ थांबतो आणि प्रतिस्पर्ध्याचे बालपण, त्याच्यावरील अन्याय, त्याची चुकलेली निवड दाखविली जाते. कोयोहारू गोतोगे यांच्या 'डीमन स्लेयर' (२०१६ ते २०२०) मध्ये नायक तांजिरो राक्षसाचा वध करतो, पण मरणाऱ्याविषयी करुणा बाळगतो. या कथेवरील 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट २०२५ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्यातील प्रदीर्घ पूर्ववृत्तकथन तरुण प्रेक्षकांनी मन लावून पाहिले. वीररसाच्या ऐन भरात करुण रस आणण्याची ही रीत मराठी वाचकाला अपरिचित नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' (१९६७) ने पराभूत पक्षातील योद्ध्याला मराठी वाचकाच्या मनात कायमचे स्थान दिले. शत्रूलाही कथा असते, ही जाणीव दोन्हीकडे समान आहे.

६. चिन्हांची भाषा

नव्या वाचकाला सर्वाधिक अडचण चित्रांतील चिन्हांची येते. ओशाळलेल्या पात्राच्या डोक्यावर घामाचा मोठा थेंब, रागावलेल्याच्या कपाळावर फुगलेली शीर, लाजणाऱ्याच्या गालांवर तिरक्या रेषा, धक्का बसलेल्याचा पांढराफटक चेहरा, विनोदी प्रसंगी अचानक लहान मुलासारखी होणारी आकृती अशी ही चिन्हे आहेत. पहिल्या भेटीत ती बालिश वाटतात. परंतु भारतीय काव्यशास्त्राच्या अध्यापकांना त्यांची ओळख पटण्यास विलंब लागू नये. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव भरतमुनींनी सांगितले आहेत. मांगातील थेंब हा 'स्वेद' आहे, पांढराफटक चेहरा 'वैवर्ण्य' आहे, पात्राचे दगडासारखे होणे 'स्तंभ' आहे. रंगमंचावर नटाचे शरीर जे करते, ते येथे रेषेने केले जाते. दोन परंपरांत ऐतिहासिक संबंध आहे असा दावा येथे नाही. अंतरीचा भाव शरीरावर दाखविण्याची गरज दोन्हीकडे आहे, एवढेच साम्य आहे. सात्त्विक भावांचा पाठ घेताना फळ्यावर या चिन्हांची रेखाटने काढली, तर व्याख्या पाठ करण्याची वेळ येत नाही.

७. संकेतांच्या मर्यादा

संकेतांचे समर्थन करताना त्यांतील दोषांकडे दुर्लक्ष करता येणार नाही. किशोरांसाठीच्या प्रेमविनोदात एका सामान्य मुलाभोवती अनेक मुली, 'चुकून' झालेला स्पर्श, स्नानगृहात डोकावणे, हे प्रसंग हास्याचा विषय होतात. केन आकामात्सू यांची 'लव्ह हिना' (१९९८ ते २००१) हे याचे ठळक उदाहरण आहे. मुलीच्या संमतीचा प्रश्न येथे विनोदाआड झाकला जातो. संघर्षकथेत वेदना क्षणिक ठरते, स्त्री-पात्रे अनेकदा शुश्रूषेपुरती उरतात आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर अधिक बळ हेच असते. हे दोष संकेतांतच आहेत. म्हणून ते दिसण्यासाठी आधी संकेत दिसावा लागतो. 'असे पाहू नका' या आदेशापेक्षा 'येथे हसू कोणाच्या खर्चाने आले?' हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो.

८. वर्गातील उपयोजन : भीम आणि चित्रपट

संकेतज्ञानाची खरी कसोटी आपल्या परिसरात एका ठिकाणी लागते. जिवतीलगतच्या डोंगरांत, आजच्या तेलंगणातील जोडेघाट येथे गोंड नेते कोमराम भीम यांना १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांशी लढताना वीरमरण आले. जंगल व जमिनीवरील हक्कांसाठी झालेला तो संघर्ष होता. त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडून गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करविला. राजुरा परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे सीमेच्या अलीकडील गावांसाठीही हा इतिहास परका नाही.

२०२२ मध्ये 'आरआरआर' हा चित्रपट आला. त्यात भीम आणि अल्लुरी सीताराम राजू यांची जिवलग मैत्री, गैरसमजातून वैर आणि पुनर्मीलन दाखविले आहे. प्रत्यक्षात दोघांची भेट झाल्याची नोंद नाही. ही कथा कल्पित आहे. परंतु मित्र आणि प्रतिस्पर्धी, अतिमानुष बळ, छळातून उठणारा नायक, दोन शक्तींचा संयोग हे सारे संकेत विद्यार्थ्याच्या पूर्ण ओळखीचे आहेत. हा चित्रपट त्याच वर्षी जपानमध्ये प्रदर्शित झाला आणि तेथे दीर्घकाळ चालला, यातही नवल नाही.

येथे अध्यापकाला एक साधा अभ्यास देता येतो. एका बाजूला चित्रपटातील प्रसंग आणि दुसऱ्या बाजूला इतिहासातील ज्ञात घटना लिहावयाच्या. मग कोणता प्रसंग प्रकाराच्या संकेतामुळे आला, हे शोधावयाचे. असे केल्यावर लक्षात येते की जोडेघाटचा संघर्ष जमीन आणि चराई यांसारख्या रोजच्या प्रश्नांवर उभा होता, तर चित्रपटात एका हरवलेल्या मुलीची सुटका हे निमित्त झाले. प्रकाराने नायकाला उंची दिली, पण त्याच्या मागण्या मागे पडल्या. ज्या विद्यार्थ्याच्या घरी वनहक्काचा दावा आजही कागदपत्रांत अडकलेला असू शकतो, त्याच्यासाठी हा फरक केवळ वाङ्मयीन राहत नाही. आपल्या पूर्वजांविषयी सांगितलेल्या कथेत इतिहास किती आणि संकेत किती, हे वेगळे करण्याची दृष्टी त्याला येथे मिळते.

९. निष्कर्ष

१) मांगा व ॲनिमेतील संकेत साप्ताहिक प्रकाशन, वाचकांचा कौल आणि खर्चाची मर्यादा यांतून घडले आहेत. झाडीपट्टी रंगभूमीचे संकेतही अशाच व्यावहारिक अटींतून घडलेले दिसतात.

२) प्रेमविनोदात कबुली आणि संघर्षकथेत विजय लांबविला जातो. या लांबणीत लेखक काय भरतो, यावर कृतीचे मूल्य अवलंबून असते. 'रान्मा ½' आणि 'मेझोन इक्कोकु' यांतील अंतर हे त्याचे प्रमाण आहे.

३) चित्रचिन्हांचे वाचन सात्त्विक भावांच्या परिचित परिभाषेत करता येते, त्यातून काव्यशास्त्राचे अध्यापन सुलभ होऊ शकते.

४) संकेतांतील लिंगभावविषयक व हिंसाविषयक दोष, ते संकेत म्हणून ओळखल्यावरच विद्यार्थ्यांसमोर स्पष्टपणे मांडता येतात.

५) विद्यार्थी वर्गात येताना प्रकारांची जाण घेऊन येतो. ती जाण मान्य करून तिला परिभाषा पुरविली, तर 'संशयकल्लोळ' आणि 'मृत्युंजय' यांच्याकडे जाण्याचा मार्ग त्याला अधिक जवळचा होईल आणि जोडेघाटचा इतिहास तो स्वतःच्या नजरेने वाचू शकेल.